अकरावी नस

दर वर्षी एकदा तरी मला चरबीच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालावा लागतो. वैद्यकीय कॉलेजच्या शवविच्छेदन हॉलमध्ये मी देह तयार करते. देह आला की त्यात औषध भरायचं, तो महिनोनमहिने टिकवायचा आणि वेळ आली की मुलांच्या टेबलावर द्यायचा. मी डॉक्टर नाही. पण सव्वीस वर्षं हेच केल्यावर मुलं मला मॅडम म्हणतात, आणि नवे प्राध्यापकही अडलं की इकडेतिकडे बघत माझ्याच टेबलाशी येतात. प्रत्येक टेबलाखाली एक बादली असते. त्या देहातून निघालेला चरबीचा बारीकसा तुकडासुद्धा त्याच बादलीत टाकायचा, कारण शेवटी ते सगळं त्या माणसाबरोबरच जायचं असतं.

मानेची बाजू उघडायचा आठवडा आला की मी आधीपासूनच वैतागलेली असते. मानेच्या पुढच्या तिरक्या स्नायूपासून मागच्या मोठ्या स्नायूपर्यंत एक तिकोनी जागा आहे. कातडी उचलली की तिथे पिवळी, ओली, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी चरबी दिसते आणि त्या चरबीत, अगदी वरवर, अकरावी नस पडलेली असते. मेंदूकडून निघणाऱ्या नसांत तिचा नंबर अकरावा, म्हणून हे नाव. मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते, "चरबी ओढू नका, बाजूला सारा." मुलं माना डोलावतात आणि चिमट्याने भसाभसा ओढतात. मग एखादी मुलगी रडकुंडीला येऊन म्हणते, "मॅडम, आमच्या देहाला अकरावी नसच नाहीये." असते गं बाई. बादलीत असते.

मग मी हातमोजे चढवते आणि त्या गिळगिळीत राड्यात चाचपडत बसते. दहा मिनिटांत सापडते. राखी-पांढरी, भिजलेल्या सुतळीएवढी. मुलांना ती दाखवून मी पुन्हा तेच सांगते. खांद्याचं पातं, म्हणजे पाठीवरचं ते तिकोनी चपटं हाड, बरगड्यांना कुठेही सांध्याने जोडलेलं नाही. ते स्नायूंच्या जोरावर तरंगतं. मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला मोठा स्नायू त्याला वरून धरून ठेवतो, आणि त्या स्नायूला हुकूम देणारी ही सुतळी. ही तुटली की पातं घसरतं आणि हात डोक्यावर जात नाही. एवढं बोलून होईस्तोवर माझ्या नाकात औषधाचा वास आणि मोज्यात चरबी शिरलेली असते. लोकांना वाटतं, इतक्या वर्षांत हिची शिसारी मेली असेल. एक दिवस मेलेली नाही.

तरी मेलेल्या माणसाचं एक बरं असतं. तो थंड असतो, धुतलेला असतो आणि ठेवला तिथेच राहतो. जिवंत माणूस गरम असतो, घामेजतो, शिंकतो, आणि त्याचे केस गळतात. माझी नणंद केस कापायचं दुकान चालवते आणि तेव्हा आमच्याच घरात राहायची. यावरून काय ते समजा.

घरात तिला सगळे कात्री म्हणतात. धंद्यावरून म्हणतात तितकंच जिभेवरूनही. माझ्या नवऱ्यापेक्षा ती चार वर्षांनी लहान, लग्न केलं नाही, तीन खुर्च्यांचं दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. हे मला मान्य आहे. पण संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा दहा-पंधरा परक्या माणसांचे केस तिच्याबरोबर यायचे. कॉलरवर, मोज्यांत, मनगटाच्या घड्याळात. मग ते बेसिनमध्ये, साबणाला चिकटलेले, एकदा तर पावाच्या तुकड्यावर. अंगाला केसांच्या रंगाचा आंबूस वास. मी ताट बाजूला सारायचे आणि ती म्हणायची, "वहिनी दिवसभर मुडद्यांत बसते आणि एका केसाने हिचं पोट ढवळतं." नवरा शाळेत गणित शिकवतो. घरातल्या कोणत्याही प्रश्नाचं उत्तर तो पाठीमागच्या पानावर शोधतो. तो हसायचा आणि गप्प बसायचा.

तिच्या मानेला उजवीकडे हरभऱ्याएवढी गाठ आली तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाठ काढून तपासायला पाठवायचं ठरलं. ज्या डॉक्टरने काढली तो आमच्याच हॉलमधून शिकून गेलेला. मऊ बोलायचा, मऊ चालायचा, हात कायम पुसत असायचा. मुलं तेव्हाच त्याला मखमल म्हणायची. अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. आठवड्याने रिपोर्ट आला. तिघांनी मिळून शेवटची ओळ वाचली, 'कर्करोग नाही', आणि रिपोर्ट फाइलमध्ये गेला. नवऱ्याने केक आणला.

त्यानंतर कात्रीचा खांदा दुखायला लागला. आधी ती काही बोलली नाही, मग रोज बोलायला लागली. हात जड वाटतो, संध्याकाळी खांदा खाली ओढल्यासारखा होतो, ड्रायर धरवत नाही. वरच्या फळीवरची ताटं काढायचं काम तिने आधी सोडलं, मग पडदे, मग दोरीवर कपडे वाळत घालणं. ही सगळी कामं माझ्या अंगावर आली. मला वाटलं, आजारपणाची चटक लागलीय. मखमलने तिला व्यायामवालीकडे, फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ऑपरेशनला महिना झाला असेल तेव्हाची गोष्ट. रात्रीचं जेवण चाललं होतं.

"आज तिने मला भिंत ढकलायला लावली," कात्री म्हणाली. "दोन्ही तळवे भिंतीवर टेकून. मागून बघितलं आणि म्हणाली, पातं बाहेर येत नाही, म्हणजे नस शाबूत आहे. मग दुखतंय कशाने?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी सगळे माझ्याकडेच बघतात.

मी घास गिळला. "पातं जागच्या जागी आहे ना? मग नसेला काही झालेलं नाही. खांदा कुरवाळत बसू नकोस, हात वापर."

"नक्की?"

"सव्वीस वर्षं काय गवत उपटतेय का मी?"

कात्री हसली. नवराही हसला. आमच्या घरात शरीराच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवसापासून तिने कुरकुर बंद केली आणि डावा हात उजव्या कोपराखाली धरून काम करायला लागली.

पुढचे चार महिने मी माझ्या नजरेने काय पाहिलं ते सांगते, म्हणजे माझी लायकी कळेल. तिने दुकानातली तिसरी खुर्ची बंद केली. उंच माणसांना ती 'आज जागा नाही' म्हणायला लागली. स्वतःचे केस तिने बारीक कापून टाकले, कारण मागे हात नेऊन बांधता येत नव्हते. ते बघून मी नवऱ्याला म्हटलं, "बरं झालं, बेसिन तरी स्वच्छ राहील."

मग एक रविवार उजाडला. नवरा शाळेच्या सहलीबरोबर गेला होता. कात्री तिच्या खोलीत जमिनीवर पालथी पडली होती आणि तिने मला हाक मारली. तिच्या हाकेत कधी नव्हे तो नरमपणा होता.

"वहिनी, एवढं मलम चोळून देतेस? पाठीला माझा हात पोचत नाही. दादाला कसं सांगणार?"

मी म्हटलं आलेच, आणि स्वयंपाकघरात जाऊन हातमोजे घालून आले. हो, मोजे. हॉलमधले, मी घरी एक डबा ठेवते. तिने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "मलमाचा वास हाताला राहतो, नाही?" मी म्हटलं, "फार राहतो." तिने शर्ट वर सरकवला आणि उठून बसली.

पाठ घामाने ओलसर होती. मानेवर कुणाच्या तरी केसांचे काळे कण चिकटले होते, आणि खाली एक मोठा तीळ, त्यात दोन केस. मी मलमाचं झाकण उघडलं. मग मी पाठ पाहिली. म्हणजे खरोखर पाहिली.

डावीकडे मानेपासून खांद्यापर्यंत भरलेला उतार होता. उजवीकडे त्या जागी खळगा. स्नायू वितळून गेला होता, आणि पात्याची वरची कड कातडीखालून सरळ दिसत होती. पातं कण्यापासून लांब सरकून खाली घसरलेलं, एका खिळ्यावरून निसटलेल्या तसबिरीसारखं तिरकं. मी म्हटलं, "हात बाजूने वर उचल." हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला, थरथरला आणि अडकला. पात्याची आतली कड पाठीवरून उचलली गेली, इतकी की खाली बोट शिरलं असतं.

"आता भिंत ढकल," मी म्हटलं.

तिने ढकलली. पातं जागच्या जागी.

अर्थातच जागच्या जागी. भिंतीची परीक्षा दुसऱ्याच नसेची आहे. ती नस बरगड्यांच्या कडेने खाली उतरते आणि पात्याला पुढून धरणाऱ्या स्नायूला जाते. ती तुटली तर भिंत ढकलताना पातं पंखासारखं बाहेर येतं. अकरावी तुटली तर भिंत ढकलून काही कळत नाही, हात बाजूने उचलावा लागतो आणि पाठ उघडी करून दोन्ही खांदे शेजारी शेजारी बघावे लागतात. हे मी दर वर्षी शिकवते. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला खुर्चीतून उठायचं नव्हतं. उठले असते तर तिचा शर्ट उतरवावा लागला असता, त्या केसांच्या, घामाच्या पाठीवर हात ठेवावा लागला असता. म्हणून मी उंटावरून शेळ्या हाकल्या.

मोज्यांच्या आत माझे हात घामाने भिजले होते. मला तिची नाही, त्या हातांची ओकारी येत होती.

"काय झालं? काय दिसलं?" कात्रीने विचारलं.

"नस तुटलीय. गाठ काढताना."

"पण तूच तर म्हणाली होतीस…"

"भिंतीची परीक्षा चुकीची होती. ती दुसऱ्या नसेची."

तिने शर्ट खाली ओढला. मग म्हणाली, "म्हणजे व्यायामवाली बिनडोक."

"हो," मी म्हणाले. इतकं सोपं होतं ते.

मी फाइल काढली. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर, जिथे आमच्यापैकी कुणी गेलंच नव्हतं, लिहिलं होतं की गाठीला चिकटलेल्या चरबीत सव्वा सेंटिमीटर लांबीचा नसेचा तुकडा मिळाला. म्हणजे इथेही ती बादलीतच गेली होती. मी तारखा मोजल्या. ऑपरेशनला पाच महिने आणि सहा दिवस. तुटलेली नस सहा महिन्यांच्या आसपास जोडली तर हात परत येण्याची आशा असते. वर्ष उलटलं की जोडूनही उपयोग नाही, कारण तोवर स्नायूच राहत नाही, त्याची नुसती चरबी झालेली असते. कात्रीला मी हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मला परत दोन्ही हातांनी केस कापता येतील ना?" मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मखमलकडे गेलो. त्याच्या खोलीत गुलाबाच्या वासाचा फवारा मारलेला होता आणि टेबलावर काचेच्या भांड्यात चोखायच्या गोड गोळ्या ठेवलेल्या. त्याने कात्रीच्या मानेवरचा व्रण पाहिला, दोन बोटांनी हळूच दाबला आणि म्हणाला, "वा, छान भरलाय. जवळजवळ दिसतच नाही."

"पाठ बघा," मी म्हणाले.

"त्याची गरज नाही, मॅडम."

"बघा."

त्याने पाहिली. त्याची नजर त्या खळग्यावर पडली आणि लगेच खिडकीकडे गेली. मग त्याने कात्रीला वजन करायला नर्सबरोबर बाहेर पाठवलं, दार लावलं आणि तळहातांवर जंतुनाशकाचं पाणी चोळत माझ्यासमोर बसला.

"कधी कधी काय होतं, विषाणूमुळे नस सुजते. आपोआप. वर्षभरात आपोआपच सुधारते."

मी रिपोर्टचं दुसरं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते पान हातातही घेतलं नाही. त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये त्याची प्रत होती, आणि ती माझ्यासमोरच उघडी होती. त्या ओळीशेजारी हिरव्या पेनाची बारीक खूण, खाली त्याची सही आणि पाच महिन्यांपूर्वीची तारीख. त्याने वाचलं होतं. वाचून त्याने तिला व्यायामाला पाठवलं होतं.

"तिथे त्वचेच्याही चार नसा असतात," तो म्हणाला. आवाज तसाच, लोण्यासारखा. "त्यातल्या एकीचा तुकडा असेल. तुम्हाला मी काय सांगणार? आणि मुख्य म्हणजे, मी अकरावी कापली असती तर स्नायू पहिल्या दिवसापासून बंद पडला असता. महिन्याभरात तो सुकायला लागला असता. तुमच्यासारखीच्या नजरेतून ते सुटलं असतं का?"

त्याने फाइलमधलं एक पान फिरवून माझ्याकडे सरकवलं. त्या रात्रीच्या जेवणानंतर कात्री त्याच्याकडे पुन्हा गेली होती, त्या दिवसाची नोंद. 'रुग्णाच्या घरातील, शरीररचना विभागात काम करणाऱ्या नातेवाईक महिलेने तपासले. खांदा व स्नायू व्यवस्थित. नस शाबूत असल्याचे मत.'

"त्या आनंदाने सांगत होत्या," तो म्हणाला. "वहिनी म्हणाली सगळं ठीक आहे. मलाही बरं वाटलं. तुम्ही तपासलं होतं ना?"

मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. एवढ्यावरून त्याला कळायचं ते कळलं. तो हसला, आणि ते हसू मला आजही आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण त्या खोलीत दोघांनी खाल्लेलं होतं.

"मी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो," तो म्हणाला. "नसांच्या चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत तिथे. ऑपरेशन झालं होतं तेही लिहितो, रिपोर्टही जोडतो. पण मग माझी ही नोंदही जोडावी लागेल. सगळे कागद गेले पाहिजेत, नाही का?"

त्याने चिठ्ठी टाइप केली, टाइप करताना वाचून दाखवली, पाकिटात घातली. बाहेर पडताना त्याने कात्रीपुढे गोळ्यांचं भांडं धरलं. तिने एक घेतली आणि मलाही एक दिली.

मोठ्या हॉस्पिटलची वेळ मिळायला आठ दिवस लागले. मधे नवरा सहलीहून आला. सगळं ऐकून म्हणाला, "नशीब, तू घरात आहेस. नाहीतर हे कुणाच्या लक्षात आलं असतं?" कात्री म्हणाली, "तेच तर." तिने शेजारणीला सांगितलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. दोन दिवसांत मी गल्लीत फिरले की लोक आपले दुखरे गुडघे मला दाखवायला लागले. मी मूग गिळून बसले होते.

बसमध्ये मी एक वाक्य तयार केलं. 'वरवर बघितलं होतं, तेव्हा एवढं दिसत नव्हतं.' त्यात काही अडकत नव्हतं. महिन्याभराने फार सुकत नाही, असंही कुणी म्हणू शकतं. मी ते दहा वेळा मनात म्हटलं. शेजारी कात्री खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि तिच्या कॉलरवर कुणाचे तरी पांढरे केस होते.

नसांच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, बुटक्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी कात्रीला शर्ट काढून स्टुलावर बसवलं, स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि मग तिच्या पाठीवर ठेवले. खळगा चाचपला, पात्याची कड बोटाने मोजली, मानेवरचे केस हाताने झटकून टाकले आणि व्रण दाबून पाहिला. घाम, केस, तीळ, कशाचंच त्यांना काही नव्हतं. स्नायूत सुई टोचून त्यातली वीज मोजायची तपासणी आदल्या दिवशीच झाली होती, ती त्यांनी पाहिली. मग खुर्चीत बसून सगळे कागद वाचले. सगळे, शेवटच्या ओळीआधीचेही.

"हे बघा," त्या कात्रीला म्हणाल्या. "आज स्नायू बंद आहे एवढं सुई सांगते. कधी बंद पडला ते सांगत नाही. सापडलेला तुकडा कोणत्या नसेचा हे रिपोर्ट सांगत नाही. म्हणून मला एकच गोष्ट कळायला हवी. ऑपरेशननंतर महिन्याभराने हा स्नायू चालू होता का? चालू असेल तर नस कापलेली नाही, नंतर सुजलीय. अशी नस स्वतःहून परत येते, तिथे मी सुरी लावत नाही, थांबते. पण चालू नसेल तर ती तेव्हाच तुटली, आणि मग ह्याच आठवड्यात मान उघडायला हवी. थांबलो तर हात गेला."

त्यांनी मखमलचं पान वर केलं.

"यात लिहिलंय, घरातल्या जाणकार बाईंनी महिन्याभराने तपासलं आणि सगळं व्यवस्थित होतं. असं असेल तर मी थांबावं हे बरं. कोण या बाई?"

"ही," कात्री म्हणाली. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती, तशीच अंगठ्याने मागे दाखवत. "माझी वहिनी. हिचं कधी चुकत नाही."

तिच्या आवाजात अभिमान होता. दगडासारखा लागला तो मला.

"काय दिसलं होतं तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दोन्ही खांदे सारखे होते?"

तयार केलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर कुणी मला पकडलं नसतं. ही बाई वर्षभर थांबली असती, आणि वर्षभराने सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता. मखमलनेही हेच केलं होतं. तोही माझ्यासारखाच स्वच्छ हातांचा माणूस.

"मी बघितलंच नव्हतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"पाठ उघडून बघितलीच नाही. जेवत होतो, बसल्या जागेवरून सांगितलं. 'तपासले' हे खोटं आहे."

"हातसुद्धा लावला नाही?"

"नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला हे सगळं येतं, दिसतंय मला. भिंतीच्या परीक्षेने ही नस कळत नाही हेही येत असणार. मग का नाही बघितलं?"

कंटाळा आला होता, असं म्हणता आलं असतं. कंटाळा लोक माफ करतात. पण एकदा तोंड उघडलं होतं, आणि आत साठलेलं सगळंच नासकं होतं.

"मला हिची किळस येते," मी म्हणाले. "हिच्या अंगाची. केसांची, घामाची. हात लावावासा वाटला नाही."

कात्रीची पाठ माझ्यासमोर होती, तो खळगा, ते तिरकं पातं. ती पाठ तशीच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मखमलच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी काहीतरी लिहिलं आणि फोन उचलून ऑपरेशनची वेळ मागितली. "गुरुवारी सकाळी, उपाशीपोटी," त्या कात्रीला म्हणाल्या. "खात्री देत नाही. निम्मी आशा धरा. पहिल्या महिन्यात आला असतात तर दोन टोकं नुसती जोडून भागलं असतं. कपडे घाला."

गुरुवारी मान उघडली तेव्हा नसेची दोन टोकं सापडली, मधे दोन बोटांचं अंतर. पायातली एक नस काढून त्यांनी ती सांधली. याला आता दीड वर्ष झालं. कात्रीचा हात कानापर्यंत जातो, त्याच्यावर जात नाही आणि जाणारही नाही. तिने दुकानातल्या खुर्च्या कापून बुटक्या करून घेतल्या आणि सकाळी चार तास दुकान उघडते. दुकानाच्या मागे खोली घेऊन ती तिथेच राहते. आमचं बेसिन स्वच्छ असतं. मखमलविरुद्ध मी लेखी तक्रार केली, स्वतःच्या कबुलीसकट. त्या तक्रारीचं काय झालं ते अजून कुणी कळवलेलं नाही.

पण त्या दिवशी, त्या खोलीत, कात्रीने स्टुलावरून न वळता शर्ट उचलला. आधी चांगला हात घातला, आणि तिथेच चुकली. आधी दुखरा घालायचा असतो, नाहीतर दुसरी बाही मागे लटकत राहते आणि हात तिथवर पोचत नाही. तिने एकदा झटकला, बाही निसटली. मी पुढे होऊन बाही धरली.

"राहू दे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तसा. "परत हात धुवावे लागतील तुला."

मी बाही सोडली. डॉक्टरीणबाई कागदांत बघत राहिल्या. तिसऱ्या खेपेला तिने बाही दातांत धरून ओढली आणि हात आत घातला.